सूर मारणे, सूर लावणे

दुपारी चार-सव्वाचारला, चहाचं आधण ठेवायच्या वेळी, शेजारच्या शाळेतून दोन आवाज एकदम आत येतात. मैदानावरून, "अरे सूर मार, सूर मार!" आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गातून, पेटीच्या षड्जावर, म्हणजे 'सा'वर, "आधी सूर लावा रे. शब्द मग." दोन्हीकडे शब्द एकच आहे हे परवा चहा उतू गेल्यावर लक्षात आलं. एक मारायचा, एक लावायचा. मारलेलाही लागतोच म्हणा, गुडघ्याला.

उपनगरातली शाळा कशी असते ते सांगायला नको. मुलुंड घ्या, बोरिवली घ्या. पालिकेची असो नाहीतर अनुदानित. सकाळचं अधिवेशन सुटताना आणि दुपारचं भरताना फाटकात होणारी ती चेंगराचेंगरी, इंग्रजी एल अक्षरासारखी इमारत, आणि त्या एलच्या कुशीत मैदान. मैदानाच्या एका कडेला शिक्षकांच्या स्कूटर, दुसऱ्या कडेला कुठल्याशा दुरुस्तीतून उरलेला खडीचा ढीग. मधे जे शिल्लक राहतं त्यात खो-खो, कबड्डी, कवायत, लेझीम, बँड आणि डिसेंबरात गॅदरिंगचा मांडव.

या शिल्लक जागेत खो-खोचं मैदान आखणं हे खरं कसब. २७ बाय १६ मीटर. चार बाजू मोजल्या की झालं, असं नवख्याला वाटतं. पण चारही बाजू बरोबर आणि तरी मैदान तिरकं, हे हमखास होतं. रिकामं खोकं एका अंगाला कलावं तसा आयत कलतो. म्हणून कोपऱ्यात आधी काटकोन काढायचा. एका दोरीवर ३ मीटरला खूण, दुसरीवर ४ मीटरला, आणि दोन खुणांमधलं अंतर नेमकं ५ भरेपर्यंत दुसरी दोरी सरकवत राहायची. शेवटी दोन्ही कर्ण ताडून बघायचे. दोन्ही ३१ मीटर ३८ सेंटिमीटरच्या आसपास आले की आखणीला हरकत नाही. मोजायचं मात्र टेपने. दोरी ताणली की लांबते, नायलॉनची तर फारच. ती फक्त रेघ सरळ यावी म्हणून. वरती दहावीच्या वर्गात पायथागोरस चालू असतो, खाली शिपाईमामा तोच खुंट्या ठोकून सिद्ध करत असतात, आणि दोघांची गाठ काही पडत नाही.

मग फक्की. कळीचा चुना फक्की म्हणून वापरू नये. घामेजलेल्या, खरचटलेल्या कातडीला तो भाजतो, आणि डोळ्यात गेला तर विचारूच नका. दगडाची पांढरी भुकटी, रांगोळीच्या जातीतली, तीच बरी. तळाला भोकं पाडलेला पत्र्याचा डबा घ्यायचा आणि तो दोरीच्या कडेने हलकेच आपटत उलट पावली चालायचं. सुलट चालणाऱ्याचा पाय स्वतःच्याच रेघेवर पडतो. माती कोरडी ठणठणीत असेल तर फक्की उडते, चिखल असेल तर माती ती गिळते. तासभर आधी पाणी मारून वरचा थर नुसता दमट ठेवला की रेघ दिवसभर टिकते, अर्थात सकाळच्या अधिवेशनाने मधल्या सुट्टीत तिच्यावर क्रिकेट खेळलं नाही तर.

सूर मारायचा तो याच मातीवर. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा विश्वचषक झाला आणि पुरुष व महिला दोन्ही संघांनी तो आणला, पण ते सगळं मॅटवर. शाळेतला सूर मातीतला. त्याआधी खडे वेचायचे, दाताळं फिरवायचं, माती सैल करून घ्यायची. पळणारा वळायच्या बेतात असतो तेव्हा शेवटचं पाऊल मोठं टाकून अंग आडवं फेकायचं. उंच उडी नव्हे, जमिनीलगत लांब. हात पूर्ण ताणलेले, हनुवटी वर, आणि जमिनीला आधी मांड्या आणि पोट टेकलं पाहिजे, मग छाती. चुका ठरलेल्या. गुडघा आधी टेकला की सोललाच. कोपर टेकवून आधार घेतला की खांद्याला हिसका. आणि सगळ्यात वाईट चूक म्हणजे अंग हवेत असताना हात आखडणं. भीतीने हात वीतभर मागे येतो, आणि गडी नेमका तेवढ्याच वीतभराने निसटतो.

वरच्या वर्गातही तेच. पेटीवर षड्ज वाजतो, बाई हाताने खूण करतात, आणि मुलं सुरावर येत नाहीत, खालून जिना चढल्यासारखी त्याच्याकडे सरकत जातात. श्वास उशिरा घेतलेला असतो, तोही खांदे वर करून. सूर लागणार की नाही या धास्तीने आवाजही वीतभर आखडतो. उपाय साधा: सूर वाजू दे, दोन मात्रा गप्प राहा, पोटातून श्वास भरा, मग तोंड उघडा. पण चाळीस मुलांना दोन मात्रा गप्प बसवणं म्हणजे काय ते एकदा वर्गावर उभं राहून बघावं.

शाळेतली पेटी हा स्वतंत्र दुःखाचा विषय. वर्षातले दहा महिने ती कपाटात, नकाशांच्या गुंडाळ्या आणि फुटक्या पृथ्वीच्या गोलाशेजारी. उंदीर भात्याची कड कुरतडतो, मग भाता फुसफुसतो आणि दोन ओळींत दम सोडतो. पट्टीखालची स्प्रिंग मऊ पडली की एखादा सूर हात न लावता वाजत राहतो, बहुतेक वेळा नको तोच. अशा वेळी कुणीतरी उत्साही मनुष्य पेटी उघडून आत फुंकर मारतो. तोंडाची वाफ पितळी सुरांवर, म्हणजे आतल्या पात्यांवर, बसली की ती पुढच्या वर्षीच्या बिघाडाची सोय. मऊ कुंचल्याने धूळ काढावी, सुराच्या पातीखालून पातळ कागद सरकवावा, आणि पाती खरवडायचं काम जाणत्यावर सोडावं. टोकाला खरवडली की सूर चढतो, बुडाशी खरवडली की उतरतो, आणि जास्त खरवडली की नवीनच पाती घालावी लागते.

बँडची गोष्ट वेगळी. त्याला ऋतू आहेत: एक १५ ऑगस्ट, दुसरा २६ जानेवारी. पोरं तीच, साइड ड्रम तेच, पण चामड्याचं पान ऑगस्टच्या दमट हवेत पाणी पिऊन सैल पडतं आणि ड्रम पिंपासारखा वाजतो. डफ असेल तर रद्दी पेटवून दुरून शेकता येतो. ड्रमचे स्क्रू आवळावे लागतात. तेही एका ओळीने नाही, समोरासमोरचे जोडीने, गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे. गोल फिरत आवळत गेलं की पान एका बाजूला ओढलं जातं आणि मग टिपरू कुठे पडेल तिथला आवाज निराळा. जानेवारीत हेच पान कोरड्या थंड हवेत तडतडतं. हल्ली प्लॅस्टिकची पानं आली, त्यांना पावसाचं सोयरसुतक नाही. सोय झाली खरी, पण आवाजात जीव नाही, असं आपलं माझं मत.

बिगुल फुंकणाऱ्या मुलाला सगळे मान देतात आणि त्याची अडचण कुणाला कळत नाही. बिगुलाला झडपा नसतात, भोकं नसतात. एवढीशी पितळी नळी, तिच्यात ओठांच्या ताणाने जे स्वर निघतील तेवढेच: सा, ग, प, आणि त्यांचीच वरची-खालची रूपं. रे नाही, म नाही. त्यामुळे "बिगुलावर राष्ट्रगीत बसव की रे" असं सुचवणारे पाहुणे दरवर्षी येतात आणि दरवर्षी त्यांना चहा देऊन वाटेला लावावं लागतं.

संचलनात बेस ड्रमचा ठोका डाव्या पायावर. मिनिटाला १२० पावलं म्हणजे दर पावलाला अर्धा सेकंद. आता मैदान ८० मीटर लांब, ड्रम एका टोकाला. आपल्या उकाड्यात आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणजे मागच्या टोकाला ठोका पोचायला पाव सेकंदाच्या जरासा आत. अर्ध्या पावलाचा उशीर. मागच्या रांगेला पिढ्यान् पिढ्या "गाढवांनो, लक्ष कुठे आहे!" ऐकावं लागलं ते यापायी. त्यांचं लक्ष ठोक्यावरच होतं. ठोकाच उशिरा आला. ड्रम मधोमध उभा केला की उशीर निम्म्यावर येतो. दोन टोकांना दोन कर्णे लावले तर मात्र फजिती, कारण टोकावरच्या मुलाला जवळचा ठोका वेळेवर आणि लांबचा मागाहून, असे दोन-दोन ऐकू येतात. त्यापेक्षा कान सोडून डोळे वापरावेत. पुढच्याचा पाय बघून पाय टाकावा, आणि चुकलाच तर "कदम बदल" आहेच.

याच हिशेबाने धावण्याच्या शर्यतीतही घोटाळे होतात. उपनगरात सरळ १०० मीटर जागा मिळते कुठे? मैदान ८० बाय ६० असेल तर कर्ण बरोबर १०० येतो (परत तेच ३-४-५, वीसपट), पण कर्ण संपतो तिथे कुंपणाची भिंत. म्हणून भिंतीला गादी टेकवायची आणि ती धरायला दोन दांडगी मुलं. आणि घड्याळवाल्याने शिट्टी ऐकून बटण दाबायचं नाही, सुरुवात देणाऱ्या सरांचा हात खाली येताना बघून दाबायचं. शिट्टीवर दाबलं तर धावणाऱ्याला ०.२९ सेकंद दान. आंतरशालेय स्पर्धेत मग हीच मुलं आपल्या शाळेतली वेळ काढता काढता रडकुंडीला येतात.

लेझीम हा तेवढा एक प्रकार खेळाच्या तासालाही चालतो आणि गाण्याच्याही. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या उद्घाटनात सांगली जिल्ह्यातल्या मंडळींनी ती खेळून दाखवली होती. शाळेत त्या पोत्यात कोंबून ठेवतात आणि तिथेच चुकतं. साखळ्यांची अशी गाठ बसते की पहिला तास सोडवण्यातच जातो. खिळ्याला एकेक टांगाव्यात. चकत्या गळल्या असतील तर बघून तार वळवून घ्यावी. आणि चार आवाज पक्के झाल्याशिवाय पायांचं काम शिकवू नये. गॅदरिंग जवळ आलं की कुणाला धीर नसतो, मग हात एका तालात आणि पाय दुसऱ्याच. साखळीत अंगठ्याजवळचं कातडं चिमटतं ते निराळं.

प्रार्थनेचं राहिलंच. बाई पट्टी धरतात काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा सा, कारण पाचवी-सहावीला आणि मुलींना ती सोयीची. पुढच्या रांगा खणखणीत. मागे नववीची मुलं उभी असतात, त्यांचा आवाज फुटतोय, सप्तकभर खाली उतरायच्या वाटेवर मधेच कुठेतरी अडकलेला. वरचा सूर गेला, खालचा अजून आला नाही. ती फक्त ओठ हलवतात. राष्ट्रगीताच्या शेवटच्या जयघोषात तर आणखी वर जायचं असतं. ५२ सेकंदांचं राष्ट्रगीत ती ताठ उभी राहून, घसा खाकरत पार पाडतात. त्यांना खालच्या सप्तकात गा म्हणून सांगणारं कुणी भेटलं तर ठीक, नाहीतर पुष्कळांचं गाणं त्या वर्षी जे सुटतं ते सुटतंच.

आणि दुपारी हाच ओठ हलवणारा मैदानात बसलेल्या गड्याच्या मागे येतो, पाठीवर थाप मारतो आणि ओरडतो, "खो!" थाप आणि शब्द एकदम पडावे लागतात, थाप आधी पडली की बसलेला लवकर उठतो आणि फाउल. या मुलाचं ते बरोबर जमतं. फक्त त्याचा खो मधेच चिरकतो, सुरू होतो एकीकडे आणि संपतो भलतीकडेच. बसलेली सात फिदीफिदी हसतात. पंच शिट्टी वाजवत नाहीत. खो मागून आणि मोठ्याने द्यावा एवढाच नियम आहे. कुठल्या पट्टीत, ते लिहिलेलं नाही.