दोन ओळींची अदलाबदल

मंगळवार, रात्री उशिरा

माझी स्प्रिंग आज सव्वादोन मीटर ताणली गेली. जायला हवी होती दहा सेंटीमीटर.

भौतिकशास्त्राच्या गृहपाठातलं गणित अगदी बाळबोध. १ किलोचं वजन, स्प्रिंगचा स्थिरांक (ती किती ताठ, ते) ४ न्यूटन प्रति मीटर, १० सेंटीमीटर ओढून सोडायचं, घर्षण शून्य. सूत्रात घातलं की ३.१४ सेकंदांत एक आंदोलन, आणि वजन जन्मभर तेवढंच मागेपुढे. एवढा भाग पंधरा मिनिटांत झाला. पुढचा प्रश्न होता, ‘हेच प्रोग्रॅम लिहून दाखवा आणि ऊर्जा टिकते का ते तपासा.’ मी कॉम्प्युटरची विद्यार्थिनी, तेव्हा हा डाव्या हातचा मळ म्हणून मी निवांत बसले.

लूपमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या पुन्हापुन्हा चालणाऱ्या भागात, दोनच कामाच्या ओळी. आत्ताच्या वेगानं स्थान पुढे सरकवायचं, मग जुन्या स्थानावरच्या त्वरणानं वेग बदलायचा. टाइम स्टेप, म्हणजे दर वेळी वेळेत पुढे टाकायचं पाऊल, ०.०५ सेकंद. आलेख काढला तर लाट प्रत्येक फेरीला फुगतेय. दहाव्या आंदोलनाला २.२७ मीटर!

अधिक-उण्याची चिन्हं तपासली. एककं तपासली. टाइम स्टेप दहापट लहान केली, तर फुगणं कमी झालं पण थांबलं नाही. दहा आंदोलनांनंतर १० चे जवळपास १४ सेंटीमीटर. म्हणजे चूक आहेच, फक्त हळू चालतेय. तीन तास गेले.

शेवटी पीएचडी करणाऱ्या ताईला मेसेज टाकला. ‘प्रोग्रॅम चुकतोय, बघशील का?’ सोबत स्क्रीनचा फोटो. आणि लिहितेच आहे तर लगे हात, ‘पदवीनंतर मी काय करू गं, मास्टर्स की नोकरी?’

तिचं उत्तर एका ओळीत. ‘दोन्हींत तू आतापर्यंत काय काय करून पाहिलंस ते लिही, मग बोलू.’

बुधवार

सकाळपर्यंत राग होता. दोन मिनिटांचं काम, तर हिला निबंध हवा. पण दुसरं कोणी विचारण्यासारखंही नव्हतं, म्हणून वही घेतली आणि प्रोग्रॅमची पहिलीच स्टेप हातानं सोडवली.

सुरुवातीला स्थान ०.१, वेग शून्य, ऊर्जा ०.०२ ज्यूल. पहिल्या स्टेपला वेग शून्य, म्हणून स्थान हललंच नाही. वेग मात्र झाला उणे ०.०२. आता ऊर्जा मोजली: ०.०२०२. वजनाला वेग मिळाला, आणि स्प्रिंगनं त्याबदल्यात एक कणही सोडला नाही. फुकटचा एक टक्का! पुढच्या स्टेपलाही एक टक्का, त्याच्या पुढच्यालाही. हे तर सरळ चक्रवाढ व्याज. सत्तर स्टेपमध्ये ऊर्जा दामदुप्पट, आणि एका आंदोलनातच त्रेसष्ट स्टेप होतात.

म्हणजे माझ्या कोडमध्ये टायपिंगची चूक नव्हतीच. ही ऑयलरची पद्धत, आम्हाला वर्गात पहिली शिकवलेली, आणि आंदोलनाच्या बाबतीत ती अशीच उधळते. हे सगळं लिहून ताईला पाठवलं. दहा मिनिटांत फोन आला.

‘आता त्या दोन ओळी खालीवर कर,’ ती म्हणाली. ‘आधी वेग बदल, मग त्या नव्या वेगानं स्थान.’

केलं. स्थान ०.०९९, वेग उणे ०.०२, ऊर्जा ०.०१९८. आता ती कधी थोडी कमी, कधी थोडी जास्त, ०.०१९ आणि ०.०२१ च्या मधे डोलत राहते, वाढत जात नाही. लांबलेले तीन तास आणि उपाय काय, तर दोन ओळींची अदलाबदल! ताई म्हणाली, हिच्याच जवळची आहे भौतिकशास्त्रज्ञ वर्लेची पद्धत. वर्लेनं १९६७ मध्ये ८६४ अणूंचा द्रवरूप आर्गॉन त्याच पद्धतीनं कॉम्प्युटरवर चालवून दाखवला होता.

दुसऱ्या प्रश्नाचं तिनं विचारलंच नाही. मीही काढलं नाही, कारण त्याखाली लिहायला माझ्याकडे काही नव्हतं.

शुक्रवार

‘काय करून पाहिलंस’ याखाली प्रामाणिकपणे लिहिलं: चार विद्यापीठांची प्रवेशाची पानं उघडली. सगळे मशीन लर्निंगला जातायत म्हणून मीही तेच भरायचं ठरवलं. स्टेटमेंट ऑफ पर्पजचा (हेच का शिकायचंय ते सांगणाऱ्या अर्जातल्या निबंधाचा) पहिला परिच्छेद तीनदा लिहिला, तिन्हींत ‘लहानपणापासून आवड’ आहे. (नव्हती.) बस.

ताई हसली नाही, हे नशीब. तिनं जे सांगितलं त्यातलं थोडं उतरवून ठेवते. मास्टर्स दोन प्रकारचं, नुसते विषय घेऊन पूर्ण होणारं आणि प्रबंध लिहून. पुढे संशोधन करायची शक्यता जरी वाटत असेल तर दुसरं बघ. प्रोफेसरांना ‘आपल्या कामात रस आहे’ असं लिहू नकोस, त्यांचे दोन पेपर वाच आणि त्यातलं काय कळलं नाही ते लिही. त्यांच्याकडच्या विद्यार्थ्यांना गाठ. किती वर्षं लागली, गाइड किती वेळा भेटतात, मधेच सोडून कोण गेलं, हे तेच सांगतील. शिफारसपत्र मोठ्या नावापेक्षा तुझं काम पाहिलेल्या माणसाकडून घे, आणि निदान महिनाभर आधी माग.

हे शेवटचं ऐकून पोटात गोळा आला. माझं काम नीट पाहिलंय असं कोण आहे? भौतिकशास्त्राच्या मॅडम, बहुधा. गृहपाठात.

मग कॉम्प्युटर शास्त्रज्ञ डायक्स्ट्राची गोष्ट निघाली. त्यानं ती १९७२ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या (कॉम्प्युटर क्षेत्रातला सर्वांत मानाचा) भाषणात सांगितलीय. १९५५ मध्ये तो सैद्धांतिक भौतिकशास्त्र शिकत होता आणि तीन वर्षं प्रोग्रॅमिंगही करत होता. दोन्हींपैकी एक निवडायचं, तर प्रोग्रॅमिंगला धड विषय तरी म्हणावं का, हीच त्याला शंका. तो वरिष्ठांच्या, वान वाइनगार्डनांच्या खोलीत गेला. ते म्हणाले, खरंय, अजून विषय म्हणावा असं काही नाही. पण कॉम्प्युटर तर राहणारच, मग तो विषय घडवणाऱ्यांपैकी तू का नसावास? डायक्स्ट्रा काही तासांनी बाहेर आला तो वेगळाच माणूस होऊन. मला त्यातले ते काही तास लक्षात राहिले. इतका वेळ बोलायला त्याच्याकडे तेवढा गुंता तरी तयार होता. मी एका मेसेजमध्ये उरकत होते.

रविवार

मॅडमना मेल लिहिली. मशीन लर्निंग काढून टाकलं. भौतिकशास्त्रातली गणितं कॉम्प्युटरवर चालवणारे गट कसे शोधायचे, आणि पदवीला माझा भौतिकशास्त्राचा एकच पेपर आहे तर तिथं घेतात का, एवढं विचारलं. अजून पाठवली नाहीये.

कारण मधेच स्प्रिंग पुन्हा उघडली. एक लाख आंदोलनं चालवली. ऊर्जा जागच्या जागी. पण सूत्राचा आलेख वर ठेवून पाहिला तर माझं वजन पुढे पळतंय. साधारण २४०० आंदोलनांमागे एक जास्तीचं. ऊर्जा बरोबर, घड्याळ चुकीचं! टाइम स्टेप निम्मी केली तर फरक चौथा हिस्सा होतो, इथवर आलेय. का, ते उद्या वहीवर.

तेवढं झालं की मेलमध्ये घालते आणि पाठवते.