छप्पन्नपैकी छप्पन्न

गोळ्या मोजणं हा माझ्या नोकरीतला सगळ्यात कंटाळवाणा भाग. बी.फार्म. झाल्यावर जिल्ह्याच्या गावातल्या एका कॅन्सर रुग्णालयात ट्रायल कोऑर्डिनेटर म्हणून लागले, म्हणजे औषधांच्या चाचण्यांचं रोजचं काम बघणारी. तेव्हापासून पेशंटांनी परत आणलेल्या रिकाम्या स्ट्रिपा मोजतेय. दर अठ्ठावीस दिवसांनी पेशंट येतो, पिशवी टेबलावर उपडी करतो, मी फोडलेले कप्पे मोजते आणि रजिस्टरला आकडा लिहिते. आकडा बहुतेक वेळा जुळत नाही. कुणी उपास धरतो, कुणाला उलट्या होतात, कुणाच्या गोळ्या लग्नाला गेल्यावर घरीच राहतात.

एका काकांचा आकडा मात्र सलग तीन वेळा तंतोतंत जुळला होता. तपासणीला आलेल्या मॉनिटरने रजिस्टर बघून मला शाबासकीही दिली होती.

काका धाराशिवकडचे. जबड्याचं ऑपरेशन झालेलं, वर्षभराने गाठ उलटून आलेली, आता पुन्हा ऑपरेशन शक्य नव्हतं. (गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे. आमच्या फाटकासमोरच्या टपरीला ते अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.) अशा पेशंटला एरवी सलाइनमधून सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध देतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने ४२२ पेशंटांमध्ये सिस्प्लॅटिनची तुलना घरी घ्यायच्या दोन स्वस्त गोळ्यांशी केली आणि २०२० साली निष्कर्ष छापला. निम्मे पेशंट किती काळ जगले हे बघितलं, तर सलाइनवर ६.१ महिने आणि गोळ्यांवर ७.५. दीड महिन्याचं काय एवढं, असं वाटेल. पण सलाइनला बेड लागतो, सोबतीला माणूस लागतो, त्याचा रोज बुडतो. गोळ्या एसटीने घरी नेता येतात. आमची ट्रायल त्याच वाटेवरची होती.

दोन औषधं. मेथोट्रेक्सेट, पिवळ्या बारीक गोळ्या, काकांच्या अंगमानाने आठवड्यातून एकदाच नऊ. हे रोज घेतलं तर रक्तातल्या पेशी कोसळतात, तोंड सोलून निघतं, माणूस दगावूही शकतो. म्हणून मी प्रत्येकाला त्याच्या गावच्या बाजाराचा दिवस ठरवून देते. काकांचा बुधवार. दुसरं सेलेकॉक्सिब, सकाळ-संध्याकाळ एकेक कॅप्सूल. अठ्ठावीस दिवसांच्या छप्पन्न.

चौथ्या व्हिजिटला नेहमीचा मुलगा आला नव्हता, काकू आल्या होत्या. आमची खोली पहिल्या मजल्यावर, लिफ्ट बंद. मी स्ट्रिपा मांडत होते, पुन्हा छप्पन्नपैकी छप्पन्न. एवढ्यात काकू पदराने घाम पुसत म्हणाल्या, "लई गुण आला बघा म्याडम तुमच्या गोळीनं. दोन वर्सं जिना चढले न्हवते. आज आले न्हवं चालत?"

माझा हात स्ट्रिपेवरच थांबला.

"कोणती गोळी, काकू?"

काकूंनी काकांकडे बघितलं. काका खिडकीबाहेर बघायला लागले.

छातीत धस्स झालं ते सेलेकॉक्सिबमुळे नव्हे. मी मेथोट्रेक्सेटची स्ट्रिप उचलून काकूंसमोर धरली. "ही? ही पिवळी घेतली का तुम्ही?" बहुतेक मी ओरडलेच, कारण शेजारच्या खोलीतून सिस्टर आत आली.

"न्हाई ओ," काका म्हणाले. जबडा नीट हलत नसल्याने त्यांचं बोलणं कान देऊन ऐकावं लागतं. "पिवळ्या मीच खातो. बुधवारी, नऊ. त्या क्यान्सरच्या हायेत. ह्या गुडघ्याच्या."

"गुडघ्याच्या कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की."

मीच सांगितलं होतं. कन्सेंट घेताना. आमचा संमतिपत्राचा मराठी मजकूर चौदा पानांचा आहे आणि त्यातला 'यादृच्छिक वाटप' हा शब्द मी आजवर एकाही पेशंटला समजावू शकलेले नाही. शेवटी 'कॉम्प्युटर चिठ्ठी टाकतो' म्हणते. काकांना सही येते, पण वाचता येत नाही, म्हणून नियमाप्रमाणे त्रयस्थ साक्षीदार बसवला होता, वॉर्डातल्या दुसऱ्या पेशंटचा जावई. कागद वाचून दाखवताना काका घाबरलेले दिसले, तशी मी त्यांना धीर द्यायला म्हटलं, "ही कॅप्सूल तर साधी आहे हो, गुडघेदुखीला पण देतात." खरंच देतात. पुढचं मात्र सांगायचं राहिलं: तीच कॅप्सूल मेथोट्रेक्सेटबरोबर इथे गाठीला होणारा रक्तपुरवठा रोखण्यासाठी देतात.

काकांनी आपला हिशोब केला. आपल्याला दुखणं फार नाही. बायकोला रात्र रात्र झोप नाही. कॅप्सूल फुकट आहे आणि टाकून द्यायची नाही, रिकामी स्ट्रिप परत न्यायची. पहिल्या दिवसापासून सगळ्या काकूंनाच.

काकूंना बीपी होतं. आरोग्य केंद्रातून मिळणारी गोळी चालू होती. सेलेकॉक्सिबने बीपी वाढतं, अंगात पाणी साठतं, मूत्रपिंडावर ताण येतो. पायाला बोट लावून बघितलं, खळगा पडला. बीपी १७६ वर १०२. ट्रायलच्या डॉक्टर सरांना फोन केला. ते ओपीडी सोडून वर आले, कॅप्सूल तिथल्या तिथे बंद केली आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), ईसीजी लिहून दिलं.

लॅबने विचारलं, बिल कुठे टाकायचं? काका ट्रायलमधले, त्यांच्या तपासण्या ट्रायलचा खर्च उचलणाऱ्या प्रायोजकाकडे जातात. काकू ट्रायलमध्ये नाहीत. ट्रायलचा नियम मोडला की भरायच्या डेव्हिएशनच्या फॉर्मवर सहभागीचा क्रमांक लिहायला चौकट आहे, त्याच्या बायकोला नाही. मी खाली 'इतर' मध्ये बारीक अक्षरात लिहीत गेले, जागा संपली, मग मागचं पान वापरलं. बिल सरांनी खिशातून भरलं. रिपोर्ट येईपर्यंत काकू बाकावर बसून मला विचारत होत्या, "ह्यांना रागावणार न्हाई न्हवं?"

क्रिएटिनिन थोडं वाढलेलं होतं, ईसीजी ठीक होता. पंधरा दिवसांत सूज उतरली.

पेशंटांच्या हितासाठी ट्रायलवर नजर ठेवणाऱ्या आमच्या एथिक्स कमिटीत सामान्य माणसांचे प्रतिनिधी म्हणून एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी मला विचारलं, औषध घरात दुसऱ्या कुणाला देऊ नये, असं कागदात आहे का? आहे, पान नऊ. वाचून दाखवलं होतं? दाखवलं होतं. ते थोडा वेळ पानं चाळत राहिले आणि म्हणाले, "नवव्या पानापर्यंत मीही पोचलो नसतो." आता तेच वाक्य पहिल्या पानावर आहे, ठळक अक्षरात. 'साधी गोळी' हे दोन शब्द मी तोंडातून टाकून दिलेत.

काकांना ट्रायलमध्ये ठेवायचं ठरलं. त्यांचा पहिल्या जवळपास चार महिन्यांचा डेटा कसा धरायचा, यावर प्रायोजकाच्या लोकांनी मेलवर मेल लिहिले. त्यातला एकही काकूंबद्दल नव्हता. काकूंना मी हाडांच्या ओपीडीत नेलं. तिथे पॅरासिटामॉल आणि व्यायाम मिळाला. त्यांचं तोंड उतरलं, आणि मला ते बघवेना.

पुढच्या व्हिजिटला दोघंही आले. काकूंनी जिना चढायला वीस मिनिटं घेतली. काकांनी पिशवी उपडी केली. मी मोजलं. कॅप्सूल सात उरल्या होत्या.

"उलट्या हुत्या तीन-चार दिस," काका म्हणाले. "न्हाई घेतल्या. लिव्हा तसंच."

मी सात लिहिलं.

"आठ हायेत," काकू मागून म्हणाल्या आणि कण्हत वाकून बाकाखालची कॅप्सूल उचलायला लागल्या.