जुन्या शिडाच्या बोटीत हात कुठवर पोहोचतो

वापरलेली शिडाची बोट लांबच्या सागरप्रवासासाठी तयार करायची असेल, तर कामांची यादी तळापासून वर लिहीत जावी, असे माझे ठाम मत झाले आहे. विक्रीच्या छायाचित्रांत सागवानी केबिन, नव्या गाद्या आणि मोठ्या पडद्याचा चार्टप्लॉटर, म्हणजे समुद्राचा नकाशा दाखवणारे यंत्र, उठून दिसतात. मात्र किनाऱ्यापासून चार-पाचशे सागरी मैलांवर गेल्यानंतर सगळे अवलंबून असते ते पाण्याखालच्या झडपांवर, डोलकाठी धरून ठेवणाऱ्या पोलादी पट्ट्यांवर आणि डिझेलच्या टाकीचा तळ किती स्वच्छ आहे यावर. या तीन जागा विकत घेणाऱ्याला सहसा कोणी दाखवत नाही, आणि पुष्कळदा तेथे हातही पोहोचत नाही.

माझे छोटे वर्कशॉप कुपवाड एमआयडीसीत आहे आणि पंपांचे सुटे भाग करणे हा आमचा व्यवसाय आहे. आम्ही पती-पत्नीने घेतलेली 34 फुटांची फायबरग्लासची क्रूझिंग बोट गोव्यातील एका यार्डात टेकूंवर उभी असते, आणि तिचे काढता येण्याजोगे भाग आमच्याबरोबर घाट चढून सांगलीला येतात. समुद्रापासून इतक्या दूर राहून हे काम कसे जमते, असे आम्हांला नेहमी विचारले जाते. माझ्या दृष्टीने या कामासाठी सांगलीइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. 1910 साली किर्लोस्करवाडी वसली, तेव्हापासून या पट्ट्यात ओतकाम, लेथ आणि पंप यांचे ज्ञान घराघरांत मुरले आहे. आणि लांबच्या प्रवासाला निघणारी बोट मुख्यत्वे झडपा, पंप, शाफ्ट आणि इंजिन यांच्याच जिवावर चालते.

जुन्या बोटीवर विश्वास ठेवावा का, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर आपल्याच देशाच्या इतिहासात आहे. 1985 ते 1987 या काळात भारतीय लष्कराच्या कोअर ऑफ इंजिनिअर्समधील दर्यावर्दींनी ज्या ‘तृष्णा’मधून पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती स्वान 37 जातीची, इंग्लंडमध्ये विकत घेतलेली वापरलेली बोट होती. पुढे 2009-10 मध्ये दिलीप दोंदे यांनी एकट्याने प्रदक्षिणा पूर्ण केली ती ‘म्हादेई’ मात्र गोव्यात नव्याने बांधलेली होती. नव्या बोटीत कोणता बोल्ट कुठे बसवला, हे बांधणाऱ्याला ठाऊक असते. जुन्या बोटीत ते उघडून पाहावे लागते, आणि दुरुस्तीचा निम्मा वेळ या उघडण्यातच जातो. तो वाया गेला असे मानू नये, कारण उद्या समुद्रात जे उघडायचे आहे त्याची वाट आजच तयार होत असते.

आम्ही सुरुवात सीकॉकपासून केली. सीकॉक म्हणजे इंजिनाला थंड करणारे पाणी आत घेण्यासाठी किंवा बेसिनचे पाणी बाहेर सोडण्यासाठी बोटीच्या तळाला जी छिद्रे असतात, त्यांवरची झडप. आमच्या बोटीतल्या काही झडपा साध्या पितळेच्या निघाल्या. समुद्राच्या पाण्यात पितळेतले जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे गुलाबीसर, सच्छिद्र तांबे उरते. आकार तसाच राहतो, ताकद मात्र गेलेली असते. तात्यांनी, म्हणजे आमच्या वर्कशॉपमधील सर्वांत जुन्या फिटरांनी, त्यातील एक झडप व्हाइसमध्ये धरून हातोडीचा हलका ठोका दिला आणि तिची कड तुटून पडली. आता सर्व झडपा ब्राँझच्या आहेत.

अशी एक झडप तुटली तर काय होईल, याचा हिशेब पंपाचे काम करणाऱ्या कोणालाही करता येतो. पाण्याच्या पातळीखाली अर्ध्या मीटरवर असलेल्या 38 मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून मिनिटाला सुमारे 125 लिटर पाणी आत येते. बोटीच्या तळाशी साचलेले पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाच्या खोक्यावर ताशी 2000 गॅलन असे लिहिलेले असते, म्हणजे तेही मिनिटाला साधारण तेवढेच. पण तो आकडा शून्य हेडवरचा, म्हणजे पाणी अजिबात वर उचलायचे नसतानाचा असतो. ताकारी किंवा म्हैसाळच्या उपसा योजनेचे पाणी घेणाऱ्या आमच्या भागातील शेतकऱ्याला हेड वाढले की पाणी कमी होते, हे वेगळे सांगावे लागत नाही. बोटीत पाणी मीटरभर उचलून नळीच्या वळणांतून बाहेर फेकायचे असते, शिवाय बॅटरीचा व्होल्टेज उतरलेला असतो. त्यामुळे हाती पडणारे पाणी छापील आकड्यापेक्षा बरेच कमी भरते. म्हणून पंपावर भिस्त ठेवता येत नाही. प्रत्येक सीकॉकशेजारी त्याच मापाची मऊ लाकडाची खुंटी दोरीने बांधलेली असावी आणि अंधारातही तिथपर्यंत हात जावा. आमच्या बोटीतली एक झडप पाण्याच्या टाकीमागे दडलेली होती. ते छिद्र आम्ही कायमचे बुजवून टाकले आणि नळी दुसऱ्या मार्गाने वळवली.

डेकच्या बाबतीत सांगलीकरांना एक गोष्ट पटकन समजेल. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळची पातळी 57 फुटांच्या पुढे गेली होती. पूर ओसरला, भिंती वरून कोरड्या दिसू लागल्या, रंगही दिले गेले, आणि तरीही पुढे कितीतरी दिवस आतली ओल गिलाव्याला फुगवून बाहेर येत राहिली. फायबरग्लासच्या डेकमध्येही तसेच घडते. वरच्या आणि खालच्या थरांमध्ये बाल्सा या हलक्या लाकडाचा गाभा असतो. कठड्याच्या खांबांच्या किंवा दोर बांधण्याच्या क्लीटच्या बोल्टभोवतीचे सीलंट म्हातारे झाले की पाणी आत शिरते आणि गाभा कुजतो. प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकत गेल्यास चांगल्या जागी टणक आवाज येतो आणि कुजलेल्या जागी तो बद्द होतो. तेवढा भाग वरून कापून, ओला गाभा काढून, पूर्ण सुकवून नवा गाभा इपॉक्सी या चिकटून कडक होणाऱ्या रेझिनमध्ये बसवावा लागतो. यापुढे प्रत्येक बोल्टसाठी आधी मोठे छिद्र पाडून ते घट्ट इपॉक्सीने भरायचे आणि मग त्या भरावातून बोल्टचे छिद्र घ्यायचे, असा नियम आम्ही पाळतो. सीलंट उद्या निकामी झाले तरी पाण्याची गाठ लाकडाशी पडत नाही.

चेनप्लेटविषयी मी अधिक आग्रही आहे. डोलकाठीला ताण देणाऱ्या तारा ज्या पोलादी पट्ट्यांना अडकवलेल्या असतात, त्या चेनप्लेट. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यावरच्या अतिशय पातळ ऑक्साइडच्या थरामुळे, आणि तो थर टिकायला ऑक्सिजन लागतो. चेनप्लेट जिथे डेकमधून खाली जाते, तिथे खारे पाणी साचून राहते आणि हवा पोहोचत नाही; त्यामुळे वर चकाकणारी पट्टी नेमकी त्या अर्ध्या इंचात आतून पोखरली जाते. आमच्या चेनप्लेट सांगलीत आणल्या, तेव्हा तात्या म्हणाले, “ताई, वरचं पॉलिश बघू नका, भोकाची कड आणि हा मधला पट्टा बघा.” ओतकामातील भेगा शोधण्यासाठी आम्ही नेहमी करतो तीच डाय पेनिट्रंट चाचणी केली. लाल रंग लावला, पुसला, पांढरा डेव्हलपर फवारला आणि एका पट्टीवर केसासारखी लाल रेघ उमटली. डोळ्यांनी ती कोणालाही दिसली नसती. त्या सर्व पट्ट्या 316 प्रतीच्या स्टीलमध्ये, साहित्याचे टेस्ट सर्टिफिकेट घेऊन, मूळ मापापेक्षा थोड्या जाड करून नव्याने बनवल्या. ताराही बदलल्या. त्यांचे वय खात्रीने सांगता येत नसेल, तर त्या बदलाव्यात.

डिझेल इंजिन मूळचे चांगले आहे. टाकी मात्र उघडून धुवावी लागली, कारण हवेतली वाफ थंड होऊन तळाशी पाणी साचते, पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा चिकट गाळ तयार होतो. शांत पाण्यात तो तळाशी पडून राहतो. बोट हेलकावे खाऊ लागली की ढवळून फिल्टरमध्ये अडकतो आणि इंजिन बंद पडते ते बंदराच्या तोंडाशी, खवळलेल्या पाण्यातच. टाकीला तपासणीचे झाकण बसवले आणि चालू इंजिनात बदलता येतील असे दोन फिल्टर जोडले. शाफ्टभोवतीने पाणी आत येऊ न देणाऱ्या ग्लँडसाठी वेगळे काही शिकावे लागले नाही. ग्लँडमध्ये डोरी भरणे हे आमचे रोजचे काम आहे.

विजेबाबत थोडक्यात सांगते. तारा कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याच्या घातल्या, लिथियम फेरोफॉस्फेट बॅटरी आणि सौर पॅनेल बसवले. सुकाणूसाठी मात्र विजेवर अवलंबून राहायचे नाही, असे ठरवून वाऱ्यावर चालणारी विंडव्हेन यंत्रणा घेतली. वाऱ्याचा कोन बदलला की तिचे पाते कलते, ते पाण्यातली पट्टी वळवते आणि वाहत्या पाण्याचा जोर दोरीवाटे टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, ओढतो. तिच्यात तुटू शकेल असे जे काही आहे, ते सर्व आमच्या लेथवर होण्यासारखे आहे.

पिण्याच्या पाण्यावर घरात बरीच चर्चा झाली. माणशी रोज तीन लिटर धरले तरी दोघांना महिन्याला 180 लिटर लागतात आणि राखीव साठा त्याहून वेगळा. समुद्राच्या पाण्यासाठी आरओ यंत्राला साधारण 55 बार दाब लागतो. घरच्या आरओला काही बार पुरतात. एवढ्या दाबाचा पंप समुद्रात दुरुस्त करणे आम्हांला जमेल, पण यंत्रातला मेम्ब्रेन, म्हणजे मीठ अडवणारा पडदा, करता येणार नाही. त्यामुळे तूर्त टाक्या वाढवल्या आहेत आणि पावसाचे पाणी धरण्यासाठी कॅनव्हास शिवून घेतला आहे.

नैर्ऋत्य मोसमी वारे संपल्याशिवाय बोट पाण्यात उतरवायची नाही. त्यानंतरही आधी गोवा ते कोची हा किनाऱ्याचा टप्पा, सकाळचे मतलई आणि दुपारनंतरचे खारे वारे या नेहमीच्या क्रमावर बेतलेला. पाच नॉटने चोवीस तासांत 120 सागरी मैल, या हिशेबाची पारख तेथेच होईल. तोवर सुकाणूच्या बुशातली ढिलाई काढायची आहे. जुने बुश नायलॉनचे होते. नायलॉन पाणी शोषून फुगते आणि सुकाणू जड होते, म्हणून नवे बुश डेलरिन या कठीण प्लॅस्टिकच्या सळईतून कातायचे ठरले आहे आणि शाफ्टचे माप तात्यांच्या टेबलावर आहे.