शांत स्वभाव

मंगळवार, रात्र

अ‍ॅरिस्टॉटलच्या 'निकोमाखियन एथिक्स' या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाचं चौथं पुस्तक, म्हणजे चौथा भाग, वाचतेय. त्यातलं रागावरचं प्रकरण अगदी छोटं आहे, पण त्यापुढे सरकताच येत नाहीये.

रागीट माणसांचे तो प्रकार पाडतो. काही जण पटकन चिडतात, नको त्यावर आणि नको तितके. पण भडाभडा बोलून मोकळे होतात आणि हीच त्यांची जमेची बाजू, असं तो म्हणतो. दुसरे कडवट. ते राग आत दाबतात. वरून काही दिसत नाही, म्हणून त्यांची समजूत काढायलाही कुणी येत नाही, आणि एकट्यानं आतल्या आत राग पचवायला फार काळ लागतो. अशी माणसं स्वतःला आणि आपल्या जिवलगांनाच सगळ्यात जड जातात. इ.स.पू. चौथ्या शतकात अथेन्समध्ये शिकवणाऱ्या या माणसानं माझंच वर्णन करून ठेवलंय.

मला सगळे शांत म्हणतात. माहेरी म्हणायचे, सासरीही म्हणतात. 'वर तोंड करून बोलत नाही हो' हे माझं कौतुक. ताई तापट. ती घर डोक्यावर घेते आणि थोड्या वेळानं स्वतःच सगळ्यांना चहा टाकते. माझं तसं नाही. एका लग्नात, मी पंगतीत वाढत असताना, आईबाबांच्या ऐपतीवरून एक बाई जे बोलली ते मला अजून शब्दन्‌शब्द आठवतं. तिनं पुढे केलेली श्रीखंडाची वाटीसुद्धा आठवते. मी वाढत राहिले आणि त्याला सगळ्यांनी समजूतदारपणा म्हटलं. खरोखर शांत असलेल्या माणसाच्या मनात हे इतकं ताजं राहील का?

अ‍ॅरिस्टॉटलच्या लेखी सौम्य माणूस म्हणजे कधीच न रागावणारा नव्हे. योग्य कारणासाठी, योग्य माणसावर, योग्य वेळी आणि योग्य तितकाच वेळ रागावतो, तो सौम्य. स्वतःचा किंवा आपल्या माणसांचा अपमान मुकाट सोसणं त्याला गुलामी वृत्तीचं वाटतं.

इथे त्याच्याशी भांडल्याशिवाय राहवत नाही. 'पॉलिटिक्स' या राज्यशास्त्रावरच्या ग्रंथात हाच माणूस मौन हे स्त्रीचं भूषण असल्याची सोफोक्लीस या ग्रीक नाटककाराची ओळ दाखल्याला घेतो. काही माणसं जन्मतःच गुलाम असतात, हेही तिथेच. म्हणजे नागरिक पुरुषात जो दोष, तो माझ्या अंगावर दागिना! हे मी मानणार नाही. गप्प बसण्याचं कौतुक ऐकत वाढलेल्या बाईलाच ते चौथं पुस्तक जास्त लागू पडतं.

परवा खाली गेटपाशी एक जण गाडीच्या जागेवरून वॉचमनकाकांवर खेकसत होता. 'तुझी लायकी काय' इथवर गेला. मी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, "त्यांना अरेतुरे करू नका. जागेचं काय ते कमिटीशी बोला." आवाज कापत होता. तेवढंच बोलले आणि थांबले. नवल म्हणजे घरी आल्यावर तो माणूस डोक्यात राहिला नाही. रात्री अंथरुणात उजळणी झाली नाही.

घरं बांधूनच माणूस गवंडी होतो आणि धैर्याची कामं करूनच धीट, हे दुसऱ्या पुस्तकात आहे. त्याच पुस्तकाच्या शेवटी तो म्हणतो, आपण कुठे झुकतो ते ओळखा आणि स्वतःला उलट बाजूला ओढा, वाकलेलं लाकूड सरळ करतात तसं. म्हणजे ताईनं आवरायला शिकायचं आणि मी बोलायला. दोघींचं माप एक नाही. मायलो या मल्लाला कमी पडणारं अन्न नवशिक्याला जास्त होतं, हे उदाहरणही त्याचंच.

रविवारी सगळे जमणार आहेत, ती बाईही येईल. जुनं उकरायचं नाहीये मला. इतक्या वर्षांनी काढलेला राग योग्य वेळचा नव्हेच. पण आईबाबांवरून पुन्हा काही निघालं, तर हातातलं भांडं खाली ठेवून तिथल्या तिथे बोलेन, आणि बोलून झालं की पुढचं वाढायला घेईन.