आमची वाटचाल : दाणा, कांडी आणि कुवेत

इचलकरंजीत १९८४ ला हॅन्ड मोल्डिंगच्या एका मशीनवर सुरुवात केली, यंत्रमागाच्या धोट्यात (आडवं सूत इकडून तिकडे नेणारा भाग) बसणाऱ्या, सूत गुंडाळायच्या प्लॅस्टिक कांड्या काढायचो. पुढे कर्ज काढून स्क्रू टाइप मशीन घेतलं, डाय (साचा) नवीन केली. ती वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचंय ते १९९० चं. २ ऑगस्टला सद्दामचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं, चार दिवसांत युनोचे निर्बंध आले आणि इराक-कुवेत दोघांचं मिळून रोजचं ४० लाख बॅरलच्या आसपास तेल बाजारातून गायब. बॅरलचा भाव दोन महिन्यांत दुपटीवर, ऑक्टोबरात ४० डॉलर. आपला देश त्या दोघांकडूनही तेल घ्यायचा. प्लॅस्टिकचा दाणा, म्हणजे आमचा कच्चा माल, तेलापासूनच बनतो. आमच्या मुंबईच्या दाणेवाल्याने फोनवर रेट सांगणंच सोडलं, "गाडी निघेल त्या दिवशीचा" एवढंच बोलायचा, आणि इकडे आम्ही गिऱ्हाइकांना वर्षाचा रेट बांधून बसलेलो.

पलीकडच्या गल्लीतल्या एका कारखानदाराचं गोडाऊन तेव्हा भरलेलं होतं. त्याने गावभर सांगितलं की आम्ही दिवाळीपर्यंत टाळं लावणार. स्वतः मात्र व्हर्जिन म्हणजे कोऱ्या दाण्यात रिप्रोसेस, म्हणजे जुनं प्लॅस्टिक वितळवून केलेला दाणा मिसळून आमच्यापेक्षा स्वस्त कांडी विकायला लागला. अशी कांडी काचेवर लोळवून बघा, वाकडी असल्याने मधे उजेड दिसतो. धोट्यात गेली की थरथरते, सूत तुटतं, माग थांबतो. आमची दहा गिऱ्हाइकं तरी त्याने नेली, अजून विसरलेलो नाही.

राहिले ते आण्णा, आमचे यंत्रमागवाले गिऱ्हाईक. त्याची कांडी वापरून पाहिली आणि परत आले, म्हणाले "माग बंद पडल्यावर स्वस्त कांडी काय चाटायचीय?" रेट त्यांनीच वाढवून दिला, वर ॲडव्हान्सपण. त्या पैशावर दोन गाड्या दाणा उतरला.

सौदीने उत्पादन वाढवून बरीचशी तूट भरली, १७ जानेवारी १९९१ ला बॉम्बहल्ले सुरू झाले आणि भाव एका दिवसात जवळजवळ एक तृतीयांश पडला. आम्हाला वाटलं सुटलो. कसलं काय! देशाकडे डॉलरच उरले नव्हते. रिझर्व्ह बँकेने आयातीच्या एलसीवर (परदेशी विक्रेत्याला बँकेने दिलेली पैशाची हमी) आधी भरायची रोख रक्कम, म्हणजे कॅश मार्जिन, चढवत चढवत एप्रिलमध्ये २०० टक्क्यांवर नेलं, जुलैत रुपयाचं अवमूल्यन झालं. तेल उतरलं तरी दाणा काही उतरला नाही. खरे हाल आमचे त्या सहा महिन्यांत झाले, युद्धात नाही.

म्हणून नवीन पोरांना सांगतो, कुठे सत्ता उलटली की लगेच गोडाऊन भरत सुटू नका. आधी बघा गेलेलं तेल कोण भरून काढणार, आणि मग आपला रुपया बघा. २०११ ला लिबियात गद्दाफीविरुद्ध उठाव झाला, तिथलं रोजचं १६ लाख बॅरल जवळजवळ बंद पडलं, ब्रेंट, म्हणजे जगात भाव ठरवायला वापरतात ते तेल, बॅरलला १२० डॉलरच्या वर. सौदीने जास्तीचं तेल दिलं, पण लिबियाचं हलकं, गंधक कमी असलेलं, ते काही तसंच्या तसं मिळत नाही. त्यावेळी आम्ही रेट महिन्यापुरताच बांधत होतो, त्यामुळे झळ बसली पण भाजलो नाही. कोटेशनवर "दाण्याच्या भावानुसार बदल" ही ओळ छापाच, गिऱ्हाईक तोंड वाकडं करेल, करू दे.

आता आण्णांचा नातू शटललेस (बिनधोट्याचा) माग चालवतो, त्याला कांडी लागतच नाही. आम्ही क्रेट आणि कॅनकडे वळलो. पलीकडच्या गल्लीतले साहेब परवा लग्नात भेटले, म्हणे "तुम्हाला धंदा आम्हीच शिकवला." जेवण चांगलं होतं, म्हणून गप्प बसलो.