हॅलिबटचा गळ: काम कुठवर आलंय

ट्लिंगिट या अमेरिकेतल्या मूळनिवासी समाजाच्या वस्तू मी स्वतः करून शिकतोय. त्यातले शिंगाचे चमचे तूर्त बाजूला ठेवलेत. सध्या टेबलावर आहे हॅलिबट या मोठ्या चपट्या समुद्री माशाचा गळ. आग्नेय अलास्काच्या ट्लिंगिट वस्तू म्हटलं की नजर आधी टोटेम खांबांकडे आणि मुखवट्यांकडे जाते, गळाचं पान आपण सरकवून पुढे जातो. पण लाकूडकाम शिकणाऱ्यानं थांबावं तर इथेच, कारण या वस्तूत शोभेइतकीच अक्कल भरलेली आहे.

रचना साधी. लाकडाच्या दोन भुजा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या एका टोकाला जुळवायच्या आणि सांधा स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या चिरलेल्या मुळांनी आवळून बांधायचा. एका भुजेत हाडाचा, पुढे पुढे लोखंडाचा, तिरका काटा. दुसऱ्या भुजेवर कोरीवकाम. दोन्ही भुजांचं लाकूड बहुधा वेगवेगळं, एक हलकं, एक जड. आमिष ऑक्टोपसचं. दगडाच्या वजनानं गळ तळाजवळ धरून ठेवायचा, म्हणजे तो तिथे तरंगत राहतो. हॅलिबट आमिष तोंडात ओढतो, खटकलं की थुंकायला जातो आणि तेवढ्यात काटा गालात घुसतो. दोन भुजांमधल्या फटीवर माशाचं माप ठरतं: फार लहान अडकत नाही, फार मोठ्याचा जबडा त्या फटीत शिरत नाही. हॅलिबट २०० किलोंच्या पुढेही जातो. असलं धूड होडीत ओढायचं म्हणजे जिवाशी खेळ, त्यामुळे मोठा मासा सुटला तर बरंच.

न्यूयॉर्कचं अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी आणि वॉशिंग्टनचं स्मिथसोनियन संग्रहालय, दोघांचे ऑनलाइन संग्रह चाळतोय. न्यूयॉर्कमधला ट्लिंगिट ठेवा बराचसा जॉर्ज एमन्स या नौदल अधिकाऱ्यानं जमवलेला. फोटोंची एक खोड मात्र आहे. कोरीव बाजू कॅमेऱ्याकडे, त्यामुळे आपण तिलाच दर्शनी बाजू समजतो. पाण्यात ती खाली, माशाकडे तोंड करून असायची. म्हणजे काचेपुढे उभे असतो ते आपण माशाच्या जागी! मी आता बाजूनं काढलेला फोटो असलेल्या नोंदीच निवडतो. काट्याचा कोन, मुळांचे वेढे, भुजेची जाडी हे सगळं तिथेच दिसतं. काही जुन्या गळांवर काट्याजवळ दातांचे ओरखडे आहेत. तो फोटो मोठा करून बघाच, नुसत्या कोरीवकामापेक्षा जास्त बोलतो.

लाकडाचं म्हणाल तर तिकडे पिवळा सीडर, आल्डर वगैरे. आपल्याकडे ते कुठून आणायचं? मी पांगारा आणि बाभूळ घेतली. पांगारा पटाशीखाली लोण्यासारखा जातो, पण धार जरा बोथट असली की तंतू चिरडतात. बाभळीनं हाताची सालटं काढली. सांध्याला मेण लावलेला जाड दोरा वापरला. गुंडाळताना दोन्ही भुजांवर उथळ खाचा पाडल्या तरच वेढे सरकत नाहीत, हे फोटोतल्या सावलीवरून उमगलं होतं, हातानं ते पटलं. टबात दगड बांधून सोडल्यावर पांगाऱ्याची भुजा वर उचलली गेली आणि बाभळीची खाली राहिली. त्या दिवशी जेवण उशिरा झालं.

कोरीव भुजा मात्र कोरी ठेवली आहे, आणि ठेवणार आहे. गळांवर ऑक्टोपस, पाणमांजर अशा बऱ्याच आकृत्या सापडतात, सगळ्याच कुळचिन्हं नसतात. पण कुठली कुळाची आणि कुठली नाही, हे फोटोवरून ठरवणारा मी कोण? ट्लिंगिट समाजात चिन्हावर कुळाचा हक्क असतो, आणि कुळ आईकडून येतं. या हक्काचं वजन कळायला किलर व्हेल टोपीचं उदाहरण पुरेसं आहे. जॉन स्वॉन्टन या मानववंश अभ्यासकानं १९०४ मध्ये ती मिळवली, स्मिथसोनियनमध्ये ती शंभरेक वर्षं राहिली आणि २००५ मध्ये दाक्लावेदी या ट्लिंगिट कुळाकडे परत गेली. पुढे कुळाच्या संमतीनं तिचं थ्रीडी स्कॅन झालं, २०१२ मध्ये यंत्रानं लाकडात कोरलेली प्रतिकृती संग्रहालयासाठी तयार झाली. खुद्द स्मिथसोनियन विचारून नक्कल करतं, तर आपण टेबलावर बसून परस्पर कशाला करायची? रचना शिकायची, चिन्ह सोडून द्यायचं, एवढा माझा नियम. आमच्या लाकूडकामाच्या ग्रुपमधल्या काहींना तो फार सोवळा वाटतो. वाटो.

हात मोकळा राहू नये म्हणून कागदावर फॉर्मलाइनचा, म्हणजे तिकडच्या चित्रांतल्या जाड-बारीक होत जाणाऱ्या बाह्यरेषेचा, सराव चालू आहे. ओव्हॉइड, म्हणजे त्यातला गोलसर कोपऱ्यांचा आयतासारखा आकार, दिसतो सोपा, पण वरची कड फुगीर, खालची किंचित आत दबलेली आणि कोपऱ्यांशी रेषेची जाडी बदलत जाणारी. साध्या लंबगोलाची सवय झालेला हात ती कड सरळ करूनच टाकतो. जुने कारागीर सीडरच्या सालीचे साचे वापरत. मी जुन्या एक्स-रे फिल्मचे कापलेत, लहान-मोठे, एकात एक बसणारे. मुख्य रेषा काळी, दुय्यम लाल.

पुढचं काम एका फळीच्या पेटीचं. सीडरच्या एकाच फळीला तीन ठिकाणी खाचा घालून, वाफेवर नरम करून ती वाकवतात, म्हणजे तीन कोपरे आपोआप होतात. चौथा तेवढा शिवतात किंवा खुंट्यांनी जोडतात. सागवान अशा खाचेशी तडकेल असा माझा अंदाज आहे. शिवण झाडाचं लाकूड वाफेवर वाकवून बघितलेलं कुणी असेल तर फळीची जाडी आणि खाचेची खोली कळवा, मी वखारीत जायचा थांबलोय.