विंचू चावला म्हणून गैरहजर

इजिप्त म्हटलं की पिरॅमिड, ममी आणि तुतनखामुनचा सोन्याचा मुखवटा. ते थोर आहेच, वाद नाही. पण मला त्या सगळ्या वैभवापेक्षा चुनखडीची एक चपटी कपची जास्त प्रिय आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असते. हातभरही उंच नाही, आणि तिच्यावर जे लिहिलंय त्याला आपल्याकडे सरळ मस्टर म्हणतात.

साल दुसऱ्या रामेसिसच्या राजवटीचं चाळिसावं, म्हणजे इ.स.पू. १२५० च्या आसपास. उजव्या कडेला चाळीसेक कामगारांची नावं, पुढे काळ्या शाईत गैरहजेरीच्या तारखा आणि तारखेच्या डोक्यावर लाल शाईत कारण. लाल शाईचा शेरा इतका जुना आहे हे कळल्यापासून शाळेतल्या मास्तरांवरचा माझा राग निम्मा उतरला आहे.

ही माणसं म्हणजे राजांच्या खोऱ्यात डोंगर कोरून फारोंची थडगी करणारे पाथरवट आणि चितारी. नाईलच्या पश्चिमेला, आजच्या लक्सरच्या समोर, देर अल-मदिना इथे त्यांचं गाव होतं. आत सत्तरेक घरं, भोवती भिंत, आणि गावात पाण्याचा थेंब नाही. पाणी रोज गाढवांवरून यायचं. आठवडा दहा दिवसांचा. कामाच्या दिवसांत रात्रीही घरी न येता वर खिंडीतल्या दगडी खोपटांत मुक्काम. सरकार हिशेबाला चोख: तांब्याच्या छिन्न्या वजन करून द्यायच्या, वजन करूनच परत घ्यायच्या. थडग्यात उजेडासाठी लागणाऱ्या वातीसुद्धा मोजून मिळत. अशा ठिकाणी दांडी मारायची तर कारण लागणारच.

आणि कारणं काय एकेक! सेबाला विंचू चावला. (वाळवंटातला विंचू, ह्यावर साहेबाने काय बोलावं?) पेन्नुबची आई आजारी. हुयनेफरचे डोळे आले होते की आणखी काही, पण तो बिचारा त्यापायी दिवसाआड गैरहजर दिसतो. बंद भुयारात दगडाची भुकटी आणि दिव्यांचा उजेड, दुसरं काय होणार? एकजण घर बांधत होता. एकजण आईचं शव कापडात गुंडाळत होता. काहींच्या नावापुढे घरातल्या बाईची, बायकोची किंवा मुलीची, पाळी हे कारण आहे. घरकाम अंगावर पडे म्हणून पुरुष थांबे की विटाळाच्या समजुतीने, यावर अभ्यासकांचा अजून वाद चालू आहे. मला पहिलं खरं असावंसं वाटतं, पण ते बहुधा माझ्या मनाचे मांडे.

माझं सगळ्यात लाडकं कारण मात्र ‘बिअर गाळत होता’. आपल्याला हसू येतं, पण लिहिणाऱ्या कारकुनाला त्यात काही वावगं वाटलेलं दिसत नाही. पैसे नावाची वस्तू तिथे नव्हती, पगार धान्यात. साध्या कामगाराला महिन्याला त्यांच्या मापाची चार पोती गहू आणि दीड पोतं जव. गहू भाकरीला, जव बिअरला. आणि तो गहू म्हणजे आपण खिरीसाठी शोधून आणतो तो खपली. बिअर ही चैन नव्हती, रोजचं पोट होतं. सणावाराला देवालाही लागायची. तेव्हा ती गाळायला घरी थांबणं म्हणजे अडलेलं कामच.

आमच्या ऑफिसात रजेचा अर्ज आता ऑनलाइन असतो. कारणाच्या रकान्यात तयार पर्याय आहेत. सगळे ‘वैयक्तिक’ निवडतात आणि मोकळे होतात. आणखी तीन हजार वर्षांनी कुणी तो डेटा खणून काढलाच, तर त्याला आमच्याबद्दल एवढंच कळेल की आम्ही फार वैयक्तिक होतो.

त्या कपचीवर अजून एक कारण पुन्हा पुन्हा येतं: ‘साहेबांसोबत’. म्हणजे मुकादमाच्या किंवा कारकुनाच्या खाजगी कामावर. बेताबेताने ते चालून जात असावं. पण पुढे पानेब नावाचा एक मुकादम झाला, त्याने ताळतंत्रच सोडलं. त्याच्याविरुद्धची एक लांबलचक तक्रार पपायरसवर शिल्लक आहे. चोरी, मारामारी, परस्त्रिया, राजाच्या थडग्यातला माल लांबवणं असं सगळं तीत आहे. त्यातच एका कामगाराला आपल्या बैलाला चारा घालायला जुंपल्याचाही आरोप आहे. एवढ्या मोठमोठ्या गुन्ह्यांच्या यादीत तो बैल ज्याने आठवणीने घातला, त्या तक्रारदाराचा जळफळाट मला अगदी समजतो.

मग तिसऱ्या रामेसिसच्या एकोणतिसाव्या वर्षी, इ.स.पू. ११५७ च्या सुमारास, अख्खं गावच गैरहजर झालं. त्याची हकीकत ट्युरिनच्या संग्रहालयातल्या एका पपायरसवर आहे, आणि ती बहुधा गावच्याच अमेननख्त या कारकुनाची. पगाराचं धान्य थकलं होतं. महिन्याचे अठरा दिवस उलटले तरी पोती येईनात. कामगार हत्यारं टाकून चौक्या ओलांडून खाली उतरले आणि तिसऱ्या थुतमोसच्या मंदिरामागे जाऊन बसले. अधिकारी आले, गोड बोलले, आश्वासनं दिली. हे हलले नाहीत. आम्ही भुकेने आणि तहानेने इथे आलो, अंगावर कापड नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, हे फारोला कळवा, असं त्यांचं म्हणणं. कारकुनाने तेही नीट उतरवून घेतलं. जगातला हा पहिला नोंदलेला संप, असं पुस्तकांत म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मोर्चा दुसऱ्या रामेसिसच्या मंदिराच्या दाराशी गेला, तेव्हा कुठे हालचाल झाली. धान्य मिळालं, पण मागच्या महिन्याचं. चालू महिन्याच्या धान्यासाठी त्यांना पुन्हा बसावं लागलं.